आवरलेलं शेत

३ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं मातीच्या नमुन्यांचं खोकं एकदाचं सुटलं. कस्टमवाल्यांनी ते ऑक्टोबरपासून अडवून ठेवलं होतं. परक्या मातीतून रोग येतात, किडी येतात, हे मलाही कळतं. उलट सभांमधून मीच ते सांगत आले आहे. पण चार देशांनी मिळून काढलेल्या प्रकल्पाची माती, चार देशांच्या शिक्क्यांसकट अडकून पडावी, याला काय म्हणायचं? पिशव्यांमध्ये खोचलेलं तुझं पत्रही तिथेच अडकलं होतं. त्याला आता मातीचा वास लागलाय. वाचताना तू समोर बसून कुरकुरतोयस असंच वाटलं.

फोन सोडून पत्रं लिहायची हे आपण ठरवलं ते बरं झालं. फोनवर आपण दोघं एकाच वेळी ओरडतो आणि मधून अण्णा विचारत राहतात की पोरगी जेवली का.

आता मुद्द्याचं बोलते. चार देशांतल्या चार जागांपैकी पुढे तीनच चालू ठेवायच्या, असं समितीनं ठरवलं आहे. कुठली गाळायची, ते जागा पाहून ठरणार. बाकीच्या तिन्ही जागा सपाट आणि खोल मातीच्या आहेत. उताराची, मुरमाड, वीतभर खाली खडक लागणारी कोरडवाहू जमीन फक्त आपली. नांगर न घालता, धसकटं आणि काडीकचरा जागच्या जागी ठेवून अशी जमीन सुधारते का, हे तपासणारी दुसरी जागाच नाही. पहिली दोन वर्षं न नांगरलेल्या उजव्या पट्ट्यात पिकानं मार खाल्ला आणि तो तू सोसलास, हे मी विसरलेले नाही. जमीन या पद्धतीला वळायला तेवढा वेळ लागतोच. हे तिसरं वर्ष. आपली जागा गाळली, तर माझं आजवरचं सगळं म्हणणं नुसता कागदावरचा अंदाज होऊन बसेल.

मार्चमध्ये समितीची मंडळी येतील. लोखंडी कडं जमिनीत ठोकून त्यात पाणी ओततील आणि नांगरलेल्या डाव्या पट्ट्यात किती लवकर मुरतं, न नांगरलेल्या उजव्या पट्ट्यात किती लवकर मुरतं, ते पाहतील. तोवर उजव्या पट्ट्याला कुणाचा हात लागू देऊ नकोस.

इथे माझी खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि तिची खिडकी उघडत नाही. मातीच्या पिशव्या ठेवायला जागा नाही म्हणून त्या टेबलाखाली ठेवल्यात. साफसफाईच्या बाई रोज संध्याकाळी येतात आणि हा कचरा टाकू का म्हणून विचारतात. नमुना किती खोलीवरून घ्यायचा यावर वर्षभर बैठका चालल्या, आता कुठे एकमत झालंय. एक देश म्हणे दहा सेंटिमीटर, दुसरा म्हणे पंधरा, तिसऱ्याचं यंत्रच विसाच्या वर थांबत नाही. आमच्याकडे तिथे खडक लागतो असं मी म्हटलं, तर समन्वयक म्हणाले की मग खडकाचीही नोंद करू. मी हात टेकले.

अण्णांना नमस्कार सांग, मुलांना पापा. मी चिडकी असले तरी माझा लोभ आहे, तुझाही राहू दे.

तुझी,
ताई

•

२० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या समितीचा नवा फॉर्मही त्याच दिवशी मिळाला. त्यात विचारलंय, तुषार सिंचनाचा संच आठवड्यातून किती वेळा चालवता? कोरडवाहू शेताच्या फॉर्ममध्ये! ‘लागू नाही’ असं लिहायची सोय नाही. शून्य लिहिलं, तर पुढच्या ओळीत शून्य का, याचं कारण मागतात. मी लिहिलं, पाणी नाही. त्याच्याही पुढे विचारलंय, पाणी नसण्याचं कारण काय. आता तूच सांग, काय लिहू.

जमिनीतला ओलावा मोजणारा तो चकचकीत खांब पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडला, हे तुला माहीत आहेच. त्याची बॅटरी ज्या देशात मिळते तिथलं पत्र लागतं, आणि पत्र देणाऱ्या गृहस्थांची बदली झाली. सध्या त्यावर पाखरं बसतात. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा आपल्या शेताला झालेला हा एवढाच फायदा.

पीक काढलं. उजवा पट्टा यंदा डाव्याच्या जवळजवळ बरोबरीनं आला, आणि हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. पण माझा जीव मेटाकुटीला आलाय, ताई. ज्वारीची ताटं बुंध्यापासून कापायची नाहीत, निम्मी उभी ठेवायची, म्हणजे गाईचा चारा तेवढा कमी. ती माझ्याकडे अशी बघते की मान खाली घालावी लागते. ही म्हणते, तुमच्या ताईंना म्हणावं गाईलाही एक फॉर्म पाठवा.

अण्णांचं काय सांगू! सबंध आयुष्य त्यांनी दोरी धरल्यासारखे तास पाडले. त्यांच्या शेतात काडी दिसायची नाही. आता रोज सकाळी ते बांधावर उभे राहतात, उजव्या पट्ट्यातली धसकटं बघतात आणि तोंड फिरवून घरी येतात. शेजारचे मास्तर भर रस्त्यात त्यांना म्हणाले की तुमच्या शेताची फणी हरवली की काय. अण्णांनी हसून वेळ मारून नेली, पण घरी येऊन दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी सांगितलंय, ताईनं हात लावू नका म्हटलंय. ते म्हणाले, बरं.

परदेशी मंडळींना शेतात फोटो काढायला आणि माती उचलायला परवाना लागतो म्हणे. कचेरीत दोनदा जाऊन आलो. साहेब रजेवर होते, मग साहेब आले तर कारकून रजेवर. तुझ्या प्रकल्पापायी मला ओळखत नाही असा एकही शिपाई तिथे उरला नाही.

कळावे. आम्हां सगळ्यांची आठवण ठेव, आणि जमलं तर माझी थोडी कीवही येऊ दे.

तुझा,
धाकटा

•

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

गाईची क्षमा मागते. फॉर्मचं मी बोलले. तो सपाट जमिनीच्या जागांसाठी केलेला आहे आणि आता बदलता येणार नाही, असं उत्तर मिळालं. बदलायचा तर चारही देशांच्या सह्या लागतात.

दौऱ्याची तारीख दोनदा हलून शेवटी नऊ मार्च ठरली. जागा माझ्या घरची म्हणून मला मात्र सोबत यायची परवानगी नाही. पण त्याआधी काय झालं ते ऐक. परवाच्या बैठकीत समन्वयकांनी सुचवलं, की आपली जागा पोहोचायला अवघड आहे, तर न पाहताच गाळली तर कसं? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, कोरडवाहू जमीन काय हॉटेलच्या मागे असते का? अवघड जागी शेती कशी करायची हे शोधायला तुम्ही जमलात, आणि अवघड आहे म्हणून जागा गाळता? मग एकानं चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर येण्याचं कबूल केलं. पण त्यांचं आधीच ठरलंय, हे मला कळतं. त्यांना निमित्त हवंय, आणि आपल्याला ते द्यायचं नाही. कड्यातलं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत मुरलं, की त्यांचं तोंड आपोआप बंद होईल.

अण्णांना वेगळं पत्र लिहिलंय. मास्तरांचं वाचून मला फार वाईट वाटलं. त्यांना कळवलंय की लांबलांबून मोठी माणसं तुमचं शेत बघायला येणार आहेत, तुम्ही त्यांच्यासोबत बसा, बोला. एवढा मान त्यांना मिळायलाच हवा.

परवान्याचं मात्र बघ. त्याच्यावाचून मंडळी गाडीतून खाली उतरणार नाहीत.

मला अजून थोडं सोस. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

•

२४ फेब्रुवारी

चि. मोठीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. दोनदा वाचले, एकदा सूनबाईंकडून वाचून घेतले. शेजारच्या मास्तरांनाही दाखवले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचले.

तू लहान होतीस तेव्हा माझ्या मागे मागे तासातून चालायचीस आणि ढेकळे फोडत यायचीस. तीच पोर आज चार देशांच्या माणसांना आपल्या बांधावर पाठवते आहे. आणखी काय हवे? माझे गुडघे बरे आहेत. बाहेरच्या खोलीला रंग देऊन घेतो आहे. धाकटा तुझ्या परवान्याच्या मागे शहरात गेला आहे, तो बहुधा पाहुण्यांना घेऊनच येईल. त्यामुळे इकडचे सगळे माझ्यावरच आहे, पण तू काळजी करू नकोस. तुझी मान खाली जाईल असे मी काही होऊ देणार नाही.

वेळेवर जेवत जा. आमच्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझे,
अण्णा

•

१२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

समन्वयकांकडून तुला कळलंच असेल. तरी नेमकं काय झालं ते माझ्याकडून ऐक.

परवाना शेवटच्या दिवशी हातात पडला. तोवर मी शहरात मामांकडेच राहिलो होतो. स्टेशनवर पाहुण्यांना घेतलं आणि त्यांच्याच गाडीतून निघालो. वाटेत मी त्यांना उजव्या पट्ट्याबद्दल भरभरून सांगत होतो. मातीला हात लावाल तर फरक कळेल, म्हणालो. समन्वयक सुद्धा मान हलवत होते.

गाडी बांधाशी थांबली आणि मी दार उघडलं. उजवा पट्टा घरातल्या ओसरीसारखा स्वच्छ होता. एक धसकट नाही, एक काडी नाही. अण्णांनी मास्तरांना आणि आणखी चौघांना हाताशी धरून सगळी धसकटं उपटली, कुळव फिरवला, दंताळ्यानं काडीकचरा ओढून पेटवून दिला. कडेचे दगड चुन्यानं रंगवले. पाहुण्यांच्या खुर्च्या डुगडुगू नयेत म्हणून जमिनीवर दगडी रूळ फिरवला आणि बरोब्बर उजव्या पट्ट्यात मांडव घालून खुर्च्या मांडल्या. अण्णा इस्त्रीचे कपडे घालून हात जोडून उभे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, की मोठीनं पाहुणे यायचं लिहिलं आणि शेत तसंच पसरलेलं ठेवायचं, लोक काय म्हणतील? हात लावू नका म्हणाली होती ते रोजचं झालं. पाहुण्यांसमोर कुणी घर न आवरता ठेवतं का?

ताई, त्यांना इतका आनंद झाला होता, की पाहुणे असेपर्यंत त्यांना काही सांगायचं नाही असं मी ठरवलं.

मंडळींनी रीतीप्रमाणे कडी ठोकली, पाणी ओतलं. दोन्ही पट्ट्यांत पाणी सारखंच तुंबून राहिलं. इथे पंधरा दिवसांपूर्वी काय होतं ते मी जीव तोडून सांगत होतो. समन्वयकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, आम्हाला दिसतं तेच लिहावं लागतं. मग अण्णांबरोबर फोटो काढला. अण्णांनी त्यांना उजवा पट्टा कुठला आणि डावा कुठला ते स्वतः दाखवलं.

पाहुणे गेल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांना आधी पटेचना. नंतर ते बराच वेळ मांडवातल्या खुर्चीवर बसून होते. ही बोलवायला गेली तेव्हा उठले.

तू रागावशील. माझ्यावर रागव. मी घरी असायला हवं होतं.

तुझा,
धाकटा

•

२६ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

जागा गाळली. काल सांगितलं. बैठक सुरू होऊन पहिला चहा यायच्या आत विषय संपला. तिसऱ्या वर्षाचं मोजमापच नाही म्हटल्यावर पहिल्या दोन वर्षांना काही अर्थ उरत नाही. मी असते त्यांच्या जागी, तर मीही हेच म्हटलं असतं, आणि याचाच मला जास्त संताप येतो.

तुझ्यावर रागावून काय करू? तू परवान्यासाठी कचेरीत खेटे घालत होतास, तो परवाना मागणारे आम्हीच. मी राग काढू तरी कुणावर? तीन वर्षं या लोकांच्या खनपटीला बसले. नमुन्याच्या खोलीवरून भांडले, तारखेवरून भांडले, न उघडणाऱ्या खिडकीच्या खोलीत तुमच्या मातीच्या पिशव्या कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून रोज साफसफाईच्या बाईंची वाट बघत बसले. तिकडे घरच्या माणसानं एका दिवसात सगळं झाडून पेटवून दिलं! आणि वर दगडांना चुना!

समितीनं अण्णांच्या नावे आभाराचं प्रशस्तिपत्र काढलंय. उत्तम आदरातिथ्याबद्दल. ते माझ्या टेबलावर पडलंय. मी ते पाठवणार नाही आणि अण्णांना पत्रही लिहिणार नाही, निदान इतक्यात तरी. लिहिलं तर नको ते लिहून जाईल. त्यांचं वय बघता ते मला परत घेता यायचं नाही.

आज लोभ वगैरे काही मागत नाही.

ताई

•

१७ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. तू रागावलीस ते बरोबर. आता माझंही ऐक.

तू जगभर फिरून लोकांना समजावलंस, की काडीकचऱ्याखाली माती गार राहते, धसकटाच्या मुळांच्या वाटेनं पाणी खाली उतरतं. मलाही समजावलंस, माझ्या डोक्यात शिरेपर्यंत. अण्णांना काय सांगितलंस? हात लावू नका. मीही तेच सांगितलं. ज्या माणसानं साठ वर्षं ती जमीन कसली, त्याला आपण दुकानातल्या काचेच्या भांड्यासारखं हात लावू नका म्हणून सांगत राहिलो. ते बरं म्हणाले, ते तू सांगितलंस म्हणून. कारण कळलं होतं म्हणून नाही.

हे मी त्यांची बाजू घ्यायला लिहीत नाही. माझंही नुकसान झालंय. दोन वर्षं कमी पीक घेतलं ते काय गंमत म्हणून? मलाही त्या चुन्याच्या दगडांकडे बघवत नाही.

पण त्यांनी जेवण निम्म्यावर आणलंय. पोस्टमन दिसला की उठून दारात येतात आणि काही नाही म्हटलं की आत जातात. परवा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, तिला काय बघायचं होतं ते मला पहिल्यापासून सांग. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच लोहाराकडे गेले. का, ते मला सांगत नाहीत.

त्यांना चार ओळी लिही. आणि तुझा राग ओसरला की मलाही लिही.

तुझा,
धाकटा

•

२० मे

चि. मोठीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र नाही. नसावेच. मी केले ते केले. क्षमा मागायला हे पत्र लिहीत नाही. बापाने मागितली तर तुला द्यावीच लागेल, मग ती घेण्यात काय अर्थ?

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली आहे, ती धाकट्यालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी मी स्वतः धसकटे उपटत होतो. डाव्या पट्ट्याचे आम्ही दर वर्षी काढतो, ते दोन बोटांत निघते आणि खाली धूळ झडते. उजव्या पट्ट्यातले निघेना. दोन्ही हातांनी ओढले तेव्हा मुळांना धरून मातीचा मोठा गड्डा वर आला. ती माती काळसर होती आणि उन्हाळा तोंडावर असताना हाताला गार लागत होती. गड्ड्यात गांडूळ होते. त्या जमिनीत मी इतकी वर्षे राबलो, तिथे मला गांडूळ कधी दिसले नव्हते. मास्तरांना हाक मारून दाखवले. ते म्हणाले, आटपा, पाहुणे यायचे आहेत. मीही म्हणालो, खरेच, आटपू. गड्डा झटकला, धसकट ढिगावर टाकले आणि पुढचे उपटायला घेतले. हाताला कळत होते पोरी, पण डोक्यात पाहुणे होते. तुझी लाज राखायची म्हणून तुझेच काम मी मुळासकट उपटत गेलो. हे आठवले की घास उतरत नाही.

आता पुढचे. लोहाराकडून तसलेच कडे करून घेतले आहे. रोज एका जागी ठोकून पाणी ओतून बघतो. दोन्हीकडे अजून सारखेच तुंबते. उजव्या पट्ट्याला मी आता नांगर लावू देणार नाही. आपल्या शेताच्या वरच्या बाजूच्या तुकड्यालाही नाही. पुढच्या पिकाची ताटे निम्मी उभी ठेवायची, असे धाकट्याला बजावले आहे. गाईसाठी मी मास्तरांकडून चारा मागून घेतला, त्यांनी मुकाट्याने दिला. उपटायला तेही होते ना.

जमीन वळायला तीन वर्षे लागतात असे धाकटा म्हणाला. लागू देत. मी कुठे जाणार आहे? एवढे मात्र विचारायचे आहे, की तुझी समिती तर आता यायची नाही. मग मोजायला कोण येणार? माझ्या मोजण्यावर कोण विश्वास ठेवणार?

जेवत जा. राग असला तरी माया असू दे.

तुझे,
अण्णा

•

६ जून

ती. अण्णांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. इतके दिवस लिहिलं नाही, कारण मी फार रागावले होते. अजूनही रागावलेलीच आहे. तो गड्डा तुम्ही झटकला हे वाचून तर मला रडूच आलं. तुमच्यासाठी की मातीसाठी, ते मला अजून कळलेलं नाही. तीन वर्षांत आमच्या कुठल्याही यंत्रानं जे नीट टिपलं नाही ते तुमच्या हाताला लागलं होतं, आणि ते मला कुठल्याच बैठकीत मांडता येणार नाही.

समितीनं मला सपाट जमिनीच्या जागेवर जायला सांगितलंय. मी नाही म्हटलं. इथलं काम आवरायला थोडा वेळ लागेल, पण पुढच्या महिन्यात मी घरी येते. मोजायला मीच येणार, यंदाही आणि पुढच्या दोन्ही वर्षी. प्रकल्प नसला तरी कडं आहे, पाणी धाकटा उचलून आणेल. पहिल्या दिवशी तुम्ही आणि मी मिळून मोजू आणि तुम्ही विचाराल ते सगळं मी पहिल्यापासून सांगेन.

तुमच्या नावाचं एक प्रशस्तिपत्र माझ्याकडे आहे. त्यात काय लिहिलंय ते समोरासमोर वाचून दाखवते, म्हणजे आपल्याला एकत्र चिडता येईल.

धाकट्याला आशीर्वाद, त्याला वेगळं लिहितेच आहे. पोटभर जेवा. तुमची माया आहे, ती मागायची गरज नाही.

आणि अण्णा, मी येणार आहे म्हणून शेत आवरायला घेऊ नका.

तुमची,
मोठी